शर्यत कोणाच्या पैशाची, जागा कोणाला? (नागरिकशास्त्र आणि गणिताचा जोडपाठ)



आज एक जरा वेगळा पाठ तुमच्यासमोर ठेवतोय. पाठ्यपुस्तकात तो नाही, पण नागरिकशास्त्रातलं 'सार्वजनिक वित्त' आणि गणितातलं 'शेकडेवारी, वेग-वेळ-अंतर' हे दोन्ही त्यात येतं. वर्गात घेऊन पाहिला, एकदा चुकला, पुन्हा घेतला. चूक कुठे झाली तेही सांगतो, म्हणजे तुमची ती टळेल.

इयत्ता : ७ वी ते ९ वी
वेळ : दोन तासिका आणि एक गृहपाठ
साहित्य : फळा, खडू, मैदानासाठी फक्की, स्टॉपवॉच असलेला मोबाइल

पाठ सुचला कसा

आमची शाळा पनवेल तालुक्यात, नेरे परिसरात. २०२५ मध्ये नवी मुंबईत मोटारगाड्यांची शर्यत घेण्याची घोषणा झाली. वेगळा ट्रॅक बांधायचा नाही, रोजचेच रस्ते बंद करून त्यावर गाड्या पळवायच्या. पाम बीच रस्ता आणि नेरूळच्या तलावाभोवतीचा भाग मिळून ३.७५३ किलोमीटरचा मार्ग जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात दुसरा विषयच नव्हता. पोरं बाकावरच गियर टाकत होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, तिकीट केवढ्याला?" दुसरा लगेच म्हणाला, "आमच्या शर्यतीला कुनी तिकीट नाय घेत. टेपाडावर बसायचं नि बघायचं."

त्याची शर्यत म्हणजे बैलगाडीची. आपल्या रायगडात बिनजोड शर्यती किती प्रिय आहेत हे तुम्हाला सांगायला नको. काही वर्षं त्या बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पण प्रेक्षकाला बसायला आजही बांध, टेपाड नाहीतर टेम्पोचा टप.

त्या दोन वाक्यांत मला पाठ सापडला. शर्यतीला पैसा कोण देतं आणि बघायला जागा कोणाला मिळते, हे दोन प्रश्न फळ्यावर लिहिले.

पहिली तासिका : सार्वजनिक पैसा ओळखायला शिकू या

मुलांना विचारा, "सरकार शर्यतीला पैसे देतं म्हणजे काय करतं?" सगळे सांगतील, "चेक देतं." तिथेच थांबू नका. सार्वजनिक पैसा पाच वेषांत येतो. फळ्यावर पाच रकाने आखा आणि प्रत्येकात एक खरं उदाहरण भरा.

१) रोख रक्कम. हैदराबादला ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागरच्या काठी विजेवर चालणाऱ्या गाड्यांची 'फॉर्म्युला ई' शर्यत झाली. पुढच्या वर्षीची शर्यत जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. तिच्यासाठी महानगर विकास प्राधिकरणाच्या खात्यातून सुमारे ५५ कोटी रुपये दिले गेले होते. ते योग्य परवानगीने दिले का, यावरून डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. आपण मुलांना एवढंच सांगायचं, की सार्वजनिक पैसा द्यायचा तर कोणत्या सहीने, कोणत्या ठरावाने, याची नोंद असावी लागते.

२) जमीन. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात 'बुद्ध इंटरनॅशनल सर्किट' आहे. ते खासगी कंपनीने बांधलं, पण ज्या विशेष विकास क्षेत्रात ते आहे त्याची एक हजार हेक्टर जमीन यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरणाने दिलेली. थकबाकीमुळे प्राधिकरणाने २०२० मध्ये ते वाटप रद्द केलं आणि मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही प्राधिकरणाचाच निर्णय कायम ठेवला. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. एक हजार हेक्टर म्हणजे किती गुंठे, हे मुलांना काढायला लावा. आमचं नेरे 'नैना'च्या पहिल्या २३ गावांत आहे. त्यामुळे गुंठा म्हटलं की इथल्या पोरांचे कान टवकारतात. एक लाख गुंठे हा आकडा आल्यावर वर्ग गप्प झाला होता.

३) रस्ता. चेन्नईत ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ ला शहराच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली. मार्ग सुमारे साडेतीन किलोमीटरचा. जवळच सरकारी रुग्णालयं आहेत, म्हणून वाहतूक आणि रुग्णवाहिकांच्या वाटेचा प्रश्न थेट मद्रास उच्च न्यायालयात गेला. सरकारने त्यावर खर्च करावा का, हाही वाद तिथे झाला. रस्ता बंद ठेवला तर खात्यातून एक रुपयाही जात नाही, पण ज्याची रिक्षा दिवसभर उभी राहते त्याचं नुकसान होतंच. ते कोणत्या हिशेबात लिहायचं?

४) माफी. बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची पहिली शर्यत ३० ऑक्टोबर २०११ रोजी झाली. उत्तर प्रदेश सरकारने तिला करमणूक करातून सूट दिली होती. त्याविरुद्ध याचिका गेली आणि शर्यतीच्या काही दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने तिकीटविक्रीतली २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितलं. मुलांना हे पटवायला थोडा वेळ लागतो. "सर, दिलं तर काहीच नाही ना?" असं एकीने विचारलं. तिला म्हटलं, "तुझ्या दुकानात कोणी शंभराचा माल नेला आणि तू म्हणालीस राहू दे, तर गल्ल्यात काय कमी झालं?" ती हसली. यायचे होते ते पैसे न घेणं हाही खर्चच असतो.

५) माणसं. म्हणजे बंदोबस्त. हे उदाहरण गाड्यांचं नसून आपल्या मुंबईच्या क्रिकेटचं आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क कमी केलं आणि ती सवलत २०११ पासून मागे जाऊन लागू केली. त्यालाही जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील पोलिसात आहेत. ती म्हणाली, "पप्पा मॅचला असतात, पण त्यांची पाठ मैदानाकडे असते." यापेक्षा चांगलं उदाहरण मी शोधूनही देऊ शकलो नसतो.

हे पाच रकाने भरले की पहिली तासिका संपते. मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा, पुढे गृहपाठात लागतात.

दुसरी तासिका : जागेचं गणित

आता मैदानावर चला. फक्कीने एक लांबट गोल आखा. एका मुलाला गाडी करा. बाकी मुलांना 'प्रेक्षक' म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी उभं करा. काही सरळ भागाशी, काही वळणाशी, दोघं-तिघं शाळेच्या ओट्यावर. सरळ भागाच्या आणि वळणाच्या प्रेक्षकाने आपल्या डाव्या-उजव्या बाजूला दहा-दहा मीटरवर खूण करायची आणि 'गाडी' त्या दोन खुणांमध्ये किती सेकंद होती ते मोजायचं. आमच्या मैदानावर सरळ भागात साधारण ४ सेकंद आले, वळणावर ७. ओट्यावरच्यांना पूर्ण फेरी दिसली.

वर्गात येऊन खऱ्या ट्रॅकचं गणित करा. बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटर आणि शर्यतीत ६० फेऱ्या. सरळ भागात गाडीचा वेग ताशी ३०० किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. तुमच्या जागेवरून ट्रॅकचा २५० मीटर भाग दिसतो असं समजू.

सरळ भाग : २५० ÷ ८३ = सुमारे ३ सेकंद. ६० फेऱ्यांचे १८० सेकंद, म्हणजे ३ मिनिटं.
संथ वळण (ताशी ९० किमी, सेकंदाला २५ मीटर) : २५० ÷ २५ = १० सेकंद. ६० फेऱ्यांचे ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं.

शर्यत दीड-पावणेदोन तासांची. त्यात आपली आवडती गाडी एका जागेवरून ३ मिनिटं दिसते, दुसरीवरून १०. शिवाय ब्रेक लागतात, गाड्या एकमेकींना मागे टाकतात ते बहुधा वळणाच्या तोंडाशी. म्हणून तिथल्या खुर्च्या महाग असतात. बैलगाडीच्या शर्यतीत धावपट्टी सरळ आणि नियमाप्रमाणे एक हजार मीटरच्या आतली, त्यामुळे टेपाडावरचा माणूस सुरुवातीपासून निशाणापर्यंत सगळं बघतो, तेही फुकट.

पुढचं गणित किमतीचं. २०११ च्या त्या शर्यतीत सर्वांत स्वस्त तिकीट २,५०० रुपये आणि मुख्य स्टँडचं ३५,००० रुपये होतं.
– चौघांच्या कुटुंबाला स्वस्त तिकिटाने किती खर्च? (१०,००० रुपये)
– महाग तिकीट स्वस्ताच्या किती पट? (१४ पट)
– न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे २,५०० च्या एका तिकिटामागे वेगळ्या खात्यात किती? (६२५ रुपये)

शहराच्या रस्त्यावरच्या शर्यतीत आणखी एक अडचण असते. सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंना काँक्रीटचे अडथळे आणि वर उंच जाळी लावावी लागते. ती लागलीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण त्यामुळे रस्ता सगळ्यांचा असला तरी रस्त्यावर उभं राहून शर्यत दिसत नाही. दिसते ती तिकीट काढलेल्या स्टँडवरून किंवा आसपासच्या इमारतींच्या गॅलरीतून. म्हणून अशा शर्यतीत एक प्रश्न हमखास विचारायचा : रस्ता आमचा घेतलात, त्याच्या बदल्यात साध्या माणसासाठी किती जागा राखून ठेवल्या?

खुर्च्यांच्या वाटणीवरून उभं राहिलेलं स्टेडियम

जागेचा प्रश्न किरकोळ आहे असं कोणाला वाटत असेल तर मुंबईचं हे उदाहरण सांगा. १९३७ मध्ये सुरू झालेलं ब्रेबोर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. सामने भरवायची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. कोणाच्या वाट्याला किती जागा, यावरून दोघांत वर्षानुवर्षं वाद. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष आणि विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने सरकारी जमिनीवर दुसरं स्टेडियमच उभं राहिलं, तेही सुमारे तेरा महिन्यांत. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. दोन मैदानांत एक किलोमीटरसुद्धा अंतर नाही!

आता त्याच वानखेडेवरचं २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं गणित. स्टेडियमची क्षमता सुमारे ३३,०००. संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय संघटना, प्रायोजक, पाहुणे यांचा वाटा गेल्यावर सर्वसामान्यांना विकायला उरली सुमारे ४,००० तिकिटं. शेकडा किती? मुलांनी काढलं, १२. म्हणजे शंभर खुर्च्यांतल्या बारा. जमीन सरकारची आणि खुर्च्या बारा, हे मुलांनी स्वतः फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिलं. मी काही बोललो नाही.

माझी चूक

खरं सांगायचं तर पहिल्यांदा हा पाठ घेताना मी न बोलता राहिलो नव्हतो. पाच रकाने भरता भरता माझा आवाज चढत गेला आणि शेवटी मीच निकाल देऊन टाकला, "म्हणजे या शर्यती म्हणजे पैशाची उधळपट्टी!" सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. एक मुलगा सोडून. त्याच्या काकांचं नेरे रस्त्याला दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि सुट्टीत तो तिथेच असतो. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारं पोर ते. शर्यतीची बातमी त्यानेच वर्गात आणली होती. त्या तासाला तो पुन्हा बोलला नाही. वहीतलं गाडीचं चित्र त्याने पान उलटून झाकून ठेवलं.

घरी आल्यावर ते मनातून जाईना. मी नागरिकशास्त्र शिकवत होतो की माझं मत? आणि ज्या मुलाला या विषयाची सर्वांत जास्त माया, त्यालाच मी बाहेर काढलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, "काल माझं चुकलं. मी हिशेब अर्धाच मांडला. परत काय मिळतं ते आपण बघितलंच नाही." आणि पाठ पुन्हा सुरू केला.

परत काय मिळतं?

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या अल्बर्ट पार्क या सार्वजनिक बागेत १९९६ पासून फॉर्म्युला वनची शर्यत होते आणि तूट तिथलं राज्य सरकार भरतं. सरकार म्हणतं, पर्यटक येतात, हॉटेलं भरतात, शहराचं नाव होतं. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २००५ च्या शर्यतीचा हिशेब तपासला आणि २००७ मध्ये अहवाल दिला, की लाभापेक्षा खर्च ६७ लाख डॉलरने जास्त होता. तरीही शर्यत चालूच आहे, कारण लोकांनी निवडलेलं सरकार 'आम्हाला ती हवी आहे' असं म्हणू शकतं. मात्र आकडा लोकांसमोर आला, ही महत्त्वाची गोष्ट.

याच्या उलट इंग्लंडचं सिल्व्हरस्टोन. मालकी ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबची, शर्यतीला सरकारी अनुदान नाही. सगळा भार तिकिटांवर. तिथे खुर्चीच्या स्टँडखेरीज गवताच्या उतारावर बसायचंही तिकीट असतं. आपल्या टेपाडासारखंच, फक्त पैसे देऊन! २०२४ मध्ये शर्यतीच्या चार दिवसांत मिळून ४ लाख ८० हजार प्रेक्षक आले. पण तिकीट महाग, ही तक्रारही तिथे कायमची.

हे दोन्ही समोर ठेवल्यावर मुलांना पेच कळतो. सरकारने पैसा घातला नाही तर तिकीट महागतं. घातला तर जो कधीच शर्यत बघणार नाही त्याच्याही खिशातून तो जातो. मग घालायचाच असेल तर कोणत्या अटीवर?

गॅरेजवाला मुलगा त्या दिवशी उठून म्हणाला, "सर, सरावाच्या दिवशी शाळांना फुकट सोडावं. आणि आयटीआयच्या पोरांना पिटमध्ये काम बघू द्यावं." पोलीसदादांची मुलगी म्हणाली, "बंदोबस्ताचे पैसे आधी भरावेत, मगच परवानगी." तिसऱ्याने सुचवलं, "रस्ता बंद असेल तेव्हा अँब्युलन्सची गल्ली उघडी." आम्ही त्या सगळ्या अटी फळ्यावर लिहिल्या. बावीस झाल्या. दोनच मुलांचं म्हणणं होतं की शर्यत नकोच, त्यांचंही लिहिलं.

पालकांसाठी दोन शब्द

एका पालकांनी फोन करून विचारलं, "गुरुजी, पोरांना राजकारण शिकवताय काय?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. मी त्यांना म्हटलं, "दादा, तुम्ही गावच्या जत्रेची वर्गणी देता, तेव्हा शेवटी देवळाच्या भिंतीवर जमाखर्चाचा कागद लागतो ना? नाही लागला तर तुम्ही विचारता ना? तेवढंच शिकवतोय." ते म्हणाले, "मग बरोबर आहे." या पाठात पक्षाचं किंवा पुढाऱ्याचं नाव घ्यायची गरजच पडत नाही. तुम्हीही घरी हा विषय निघाला तर निकाल सांगू नका, आधी आकडा विचारा.

आणि मुलाला गाड्यांचं वेड असेल तर त्याला त्यावरून बोलू नका. वेड असलेलं पोरच आकडे नीट शोधतं, हे मी अनुभवाने सांगतो.

स्वाध्याय

१) गावातल्या एका कार्यक्रमाचे (जत्रा, क्रिकेटची टुर्नामेंट, बैलगाडी शर्यत) पाच रकाने भरा : रोख, जमीन, रस्ता, माफी, माणसं.
२) त्याच कार्यक्रमात बसायच्या जागा मोजा. पाहुण्यांच्या खुर्च्या किती, सर्वांसाठी किती, बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना सावलीत किती? शेकडेवारी काढा.
३) ताशी ६० किलोमीटरने जाणारी एसटी तुमच्या घराच्या खिडकीतून किती सेकंद दिसते ते मोजा. त्यावरून खिडकीतून रस्त्याचा किती मीटर भाग दिसतो ते काढा.
४) 'आमच्या रस्त्यावर शर्यत घ्यायची असेल तर' असं शीर्षक देऊन पाच अटी लिहा. प्रत्येक अटीपुढे कारण हवं.

दुसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर सांगून थांबतो. एका मुलीने कार्यक्रम म्हणून आमच्याच शाळेचं स्नेहसंमेलन घेतलं होतं. पाहुण्यांच्या खुर्च्या चाळीस, पुढच्या तीन रांगा. आया मागे उभ्या, काही कडेवर लहान पोर घेऊन. खाली तिने लिहिलं होतं, "सर, मंडपाचे पैसे आम्ही सगळ्यांनी दिले होते." वही तपासून सही केली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. या वर्षी पहिल्या दोन रांगा आयांसाठी ठेवायचं ठरलंय.

तुम्ही हा पाठ घेतलात तर तुमच्या मुलांच्या अटी जरूर कळवा.